बोटीवरच्या बाईचे सात पोशाख

"सरळ उभी राहा," असं युसुफला म्हणायचं होतं. पण त्याच्या तोंडात अकरा टाचण्या होत्या, म्हणून त्यानं नुसतं नाकातून 'हं' केलं आणि बोटानं तिच्या पाठीला टोचलं. हव्वाबी सरळ झाली. दुकानातल्या लाकडी स्टुलावर ती उभी होती आणि तिच्या अंगावर शंभर वर्षांपूर्वीच्या कुणा गोऱ्या बाईचा पोशाख होता. बोटीच्या डेकवर फेऱ्या मारताना घालायचा. हनुवटीपर्यंत बंद गळा, कोपरापाशी फुगून मनगटाशी आवळलेल्या बाह्या आणि कमरेखाली जमिनीला टेकणारा नऊ कळ्यांचा घेर.

"एवढा घेर घेऊन ही वाऱ्यात चालायची?" हव्वाबी म्हणाली. "समुद्रावरचा वारा कसला असतो ते हिला ठाऊकच नसंल."

युसुफनं घेराची कड उलटी करून तिला दाखवली. आतल्या दुमडीत वीत-वीत अंतरानं शिशाच्या लहान चकत्या शिवल्या होत्या, जाळ्याला वजनं लावतात तशा. घेर वाऱ्यानं वर उडू नये म्हणून. हव्वाबीनं वाकून पाहिलं. तिचा सगळा जन्म खाडीकाठी गेलेला, तिला लगेच कळलं.

"म्हणजे बाई पाण्यात पडली तर बुडायची सोय पण केलेली हाय," ती म्हणाली आणि स्वतःच हसली. त्या हसण्यानं पाठीवरची एक टाचणी निसटून खाली पडली.

दुबईपासून तासाभरावरच्या उम्म अल कुवैनच्या जुन्या बाजारात युसुफ सोलकरचं टेलरिंगचं दुकान होतं. म्हणजे दुकान त्याच्या अरबाबाचं, तिथल्या अरब मालकाचं, लायसन्सही त्याच्याच नावावर. पण गेली अठरा वर्षं तिथे कात्री चालत होती ती युसुफची. पुढे दुकान, मागे राहायच्या दोन खोल्या. एकोणऐंशी साली तो जयगडच्या खाडीकाठच्या आपल्या गावाहून मुंबईला आला आणि तिथून बोटीनं दुबईला उतरला. लग्नाला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. दर दोन वर्षांनी दीड महिना सुट्टी, अशी त्यांच्या संसाराची सत्तावीस वर्षं गेली. मुलगा अर्श मोठा झाला, शिकला, अबू धाबीत नोकरीला लागला, खलिफा सिटीत बिऱ्हाड केलं. त्याची मुलगी इनाया दोन वर्षांची असताना तिला सांभाळायला म्हणून हव्वाबी गावाहून आली आणि नात शाळेत जायला लागल्यावर नवऱ्याच्या दोन खोल्यांत राहायला आली. तेव्हा तो चोपन्न वर्षांचा होता आणि ती सत्तेचाळीस. इतकी वर्षं नवरा-बायको असलेली ती दोघं पहिल्या महिन्यात एकमेकांशी पाहुण्यांसारखी वागली. 'चहा घेणार का?' 'घेईन की.' 'पंखा बंद करू का?' 'तुम्हाला नको असला तर करा.' याच्यापुढे गाडी जात नव्हती. भांडणही होत नव्हतं.

दोन हजार आठच्या एप्रिलमध्ये निखिल नावाचा एक तरुण गाडी घेऊन दुकानात आला. पुण्याचा मुलगा, दुबईच्या सिलिकॉन ओएसिसमध्ये राहणारा. त्याच्या बायकोच्या, अस्मिताच्या एका कोटाचं अस्तर युसुफनं पूर्वी बदलून दिलं होतं. तो कोट निखिलच्या कंपनीत आलेल्या इंग्रज बाईनं, मिसेस हॉल्डननं, पाहिला होता. पाहिला म्हणजे उलटा करून आतून पाहिला, आणि हा माणूस मला हवा म्हणाली.

"काका, प्रोजेक्ट एकदम हटके आहे," निखिल सांगत होता. कंपनीनं एक म्हातारी प्रवासी बोट विकत घेतली होती. ती किनाऱ्याला कायमची बांधून तिचं हॉटेल करायचं होतं, एकोणीसशे पाच सालासारखं. तसेच दिवे, तशाच खुर्च्या, तशीच काचेची झुंबरं. आणि मुख्य दिवाणखान्यात काचेच्या सात कपाटांत सात पुतळे. त्या काळी पहिल्या वर्गानं जाणारी बाई एका दिवसात बोटीवर काय काय घालायची, त्याचे सात पोशाख. बोटीवर चढतानाचा एक. सकाळी केबिनमध्ये बसायचा एक. डेकवरचा, दुपारच्या जेवणाचा, चहाचा, रात्रीच्या जेवणाचा आणि शेवटचा नाचाचा.

"हिला दुसरं काही काम नव्हतं का?" आतल्या पडद्याआडून हव्वाबीनं विचारलं. निखिल हसला. त्याच्याकडे जाडजूड फाइल होती, फोटो होते, कागदाचे कटिंग होते. कापड पॅरिसहून येणार होतं, मीटरला तीनशे वीस दिरहम. "म्हणजे साडेतीन हजार रुपये, काका, एका मीटरचे," तो म्हणाला. युसुफनं हात धुऊन, पुसून मग त्या फाइलीला हात लावला.

अडचण एकच होती. पुतळे इटलीहून यायचे होते आणि ते ऑक्टोबरशिवाय येणार नव्हते. त्यांची मापं तेवढी आली होती. कंबर तेवीस इंच. पुतळ्यावर चढवल्याशिवाय असं कापड बसवायचं कसं? मिसेस हॉल्डन दुकानात आली, तिनं इकडे तिकडे पाहिलं आणि चहाचा ट्रे घेऊन आलेल्या हव्वाबीवर तिची नजर ठरली. हव्वाबी वेतासारखी बारीक. अल्सरच्या दुखण्यानंतर तर फारच. बाईनं नुसत्या नजरेनं तिचं माप घेतलं आणि युसुफकडे वळून भुवया उंचावल्या.

अशी हव्वाबी पुतळा झाली. रोज सकाळी नमाज झाली की साडेसहाला दुकानाच्या बंद शटरमागे ती स्टुलावर उभी राही, ते साडेआठपर्यंत. आधी तो कडक पट्ट्यांचा कॉर्सेट. पाठीमागच्या नाड्या युसुफनं ओढायच्या. मिसेस हॉल्डननं सांगितलं होतं की ह्या बाया स्वतःच्या हातानं कधी कपडे घालत नसत, त्यांच्याबरोबर एक मोलकरीण प्रवास करायची. युसुफच्या मनात आलं, तीस वर्षांनी आपण बायकोची मोलकरीण झालो. त्याला त्याचं काही वाईट वाटलं नाही.

पहिल्या पोशाखाला हव्वाबी गप्पच होती, श्वास कसा घ्यायचा ह्याच विवंचनेत. दुसऱ्याला ती थोडं थोडं बोलायला लागली. आणि डेकवरच्या ह्या तिसऱ्या पोशाखापर्यंत युसुफला पक्कं कळून चुकलं होतं की आपली बायको बोलकी आहे. ही गोष्ट त्याला इतकी वर्षं माहीतच नव्हती. तो सुट्टीवर जायचा तेव्हा घर पाहुण्यांनी भरलेलं असायचं, आणि फोनवर मागे रांग लागलेली असायची.

आता ती बोलायची. स्टुलावर उभी राहून, समोरच्या कॅलेंडरकडे बघत. घराचं छप्पर घातलं तेव्हा सुतारानं कसं फसवलं. अर्श शाळेतून पळून जेट्टीवर कसा बसायचा. सासूबाई शेवटी शेवटी तिलाच आई म्हणायला लागल्या होत्या ते. सासऱ्यांनी जमिनीच्या कागदावर तिचा अंगठा घेतला आणि तिनं त्यांना सांगितलं, मला सही येते, ते. युसुफ तिच्याभोवती गुडघ्यांवर फिरत राही. तोंडात टाचण्या, हातात खडू. मधूनमधून 'हं' करी. त्या 'हं'चे किती प्रकार असतात ते हव्वाबीला हळूहळू कळायला लागलं होतं.

एका शुक्रवारी अर्श आणि इनाया आले तेव्हा दुपारच्या जेवणाच्या पोशाखाचं काम चालू होतं. इनाया दारातच थबकली.

"दादी, आर यू अ क्वीन?"

"नाय गं," हव्वाबी म्हणाली, "मी पुतळा हाय."

"पुतळा मीन्स?"

"जो बोलत नाय तो," असं अर्शनं सांगितलं, आणि युसुफ इतक्या जोरानं हसला की त्याला टाचण्या हातात काढून घ्याव्या लागल्या.

पाचवा पोशाख चहाच्या वेळचा. सगळ्यांत सैल, सगळ्यांत मऊ, त्याला आत कॉर्सेटही नको. फिक्या पिस्त्याच्या रंगाचं रेशीम आणि खांद्यावरून सरळ खाली ओघळणारी लेस. ऑगस्टचा महिना होता. एसी घरघरत होता. युसुफ मागच्या बाजूनं लेस टाचत होता आणि हव्वाबी बोलता बोलता म्हणाली, "जैनबचं तुम्हाला कधी नीट सांगितलंच नाय मी."

युसुफचे हात थांबले. मग पुन्हा चालू झाले.

जैनब त्यांची मुलगी. तो सुट्टी संपवून परत आल्यावर सात महिन्यांनी जन्मली, नऊ महिन्यांची होऊन गेली आणि त्याची पुढची सुट्टी यायच्या आधी तिची कबर सपाट झाली होती. त्यानं तिला पाहिलं नव्हतं. फोटो नव्हता. कळलं ते मेहुण्याच्या पत्रानं, सोळा दिवसांनी. नंतर सुट्टीवर गेला तेव्हा त्यानं कबरस्तानात जाऊन फातेहा पढली, घरी आला, आणि कुणीच काही बोललं नाही. अठ्ठ्याऐंशी सालची गोष्ट.

हव्वाबी कॅलेंडरकडे बघत सांगत गेली. तीन दिवस ताप उतरत नव्हता. डॉक्टर खाडीपलीकडे. पहाटे ती एकटीच निघाली, कारण सासऱ्यांना बरं नव्हतं आणि दिराची बोट बाहेर गेली होती. खाडीवर होडीची तर चालवणारा बाबाजी म्हणाला, वहिनी, पाणी उतरलंय, भरती लागेपर्यंत चिखलातून होडी हलायची नाय. मग ती होडीतच बसली. दीड तास. बाबाजीनं डोक्यावर धरायला ताडपत्री दिली. पाणी हळूहळू वर यायला लागलं, होडी उचलली गेली, तो वल्हवायला लागला. आणि अर्ध्या खाडीत हव्वाबीला कळलं.

"मी बोलले नाय," ती म्हणाली. "बाबाजी माणूस भला. त्याला कळलं असतं तर त्यानं होडी मागं वळवली असती. मी पदर तिच्यावर ओढून घेतला आणि त्याला म्हटलं, जरा जोरात मारा. म्हटलं, डॉक्टर काय बोलतो ते तरी ऐकू. पलीकडे जाईपर्यंत कुणाला ठाऊक नव्हतं. मलाच फक्त. तेवढा वेळ ती माझी एकटीचीच होती."

लेस टाचून झाली. युसुफनं उरलेल्या टाचण्या तोंडातून काढल्या नाहीत. काढल्या असत्या तर काहीतरी बोलावं लागलं असतं. त्यानं तिला हात धरून स्टुलावरून खाली उतरवलं, आणि दुकानाचं शटर त्या दिवशी साडेनऊला उघडलं.

त्यानंतर काही दिवस हव्वाबी गावच्या, बाजारच्या गोष्टी सांगत राहिली. पण तिचं लक्ष आता दुसरीकडे होतं. रात्रीच्या जेवणाचा सहावा पोशाख सुरू झाला. काळी मखमल, त्यावर मण्यांचं काम. एका सकाळी ती स्टुलावर चढली, युसुफनं सवयीनं डबीतून चिमूटभर टाचण्या उचलल्या आणि ओठांत धरल्या.

"तुमच्या मनगटावर गादी बांधलेली हाय," हव्वाबी म्हणाली.

होतीच. टाचण्या खोचायची गोल, लाल गादी, मिसेस हॉल्डननं मुद्दाम आणून दिलेली.

"तिच्यात खोचा ना. तोंडात कशाला?"

युसुफनं 'हं' केलं.

"हा 'हं' मला नको." ती वळली. अर्धवट टाचलेल्या मखमलीसकट वळली, जे पुतळ्यानं कधीच करायचं नसतं. "मी पाच कपडे होईस्तोवर बोलले. आता तोंडातून काढा त्या."

त्यानं एक एक करून काढल्या आणि गादीत खोचल्या. नऊ होत्या. मग तो म्हणाला, "पत्र आलं तेव्हा मी दुबईत होतो, देऱ्यातल्या मोठ्या दुकानात. सकाळचे अकरा वाजले होते. वाचलं आणि खिशात घातलं."

"मग?"

"बाजूच्या मशीनवरच्या वलीनं विचारलं, घरचं काय? मी म्हटलं, जमिनीचं काहीतरी हाय. आणि शिवत बसलो. एका लेबनीज नवरीचा गाउन होता. संध्याकाळपर्यंत पुरा केला. दुसऱ्या दिवशी ती नवरी येऊन घालून बघून गेली, फार खूश झाली. मी कुणाला सांगितलंच नाय, हव्वा. एका माणसाला नाय. सांगितलं असतं तर लोक आले असते, जवळ बसले असते. मला वाटलं, मी तिला बघितलंपण नाय, मी कुठल्या तोंडानं रडू?"

हव्वाबी स्टुलावर उभी होती त्यामुळे तो तिच्या कमरेएवढा दिसत होता. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला, मुलाच्या ठेवतात तसा. काळ्या मखमलीची बाही त्याच्या कानावर आली. त्या दिवशी काही टाचायचं राहूनच गेलं.

ऑक्टोबरात पुतळे आले नाहीत. आधी मिसेस हॉल्डनचे फोन कमी झाले, मग समजलं की ती दिवाळीच्या सुमारास इंग्लंडला गेली आणि तिचं परतीचं तिकीट काही निघालेलं नाही. बाजारात लोक हळू आवाजात बोलायला लागले. नोव्हेंबरच्या शेवटी निखिल आला, ह्या वेळी गाडीऐवजी टॅक्सीनं.

"काका, मार्केट पूर्ण बसलंय," तो म्हणाला. "प्रोजेक्ट ऑन होल्ड आहे. ऑन होल्ड म्हणजे खलासच समजा." अख्खा डिपार्टमेंट बंद झाला होता, त्याच्यासकट. अस्मिता घरी खोकी भरत होती. पुतळे बंदरावर येऊन पडले होते आणि सोडवून घ्यायला कुणी उरलं नव्हतं. कपडे कुठे पोचवायचे असं युसुफनं विचारलं तेव्हा निखिल ओशाळला. कुठे पोचवणार? ऑफिसला कुलूप होतं. झालेल्या कामाचं सगळं मिळालं होतं, तेवढं त्यानं जाण्याआधी बघितलं होतं. सातवा मात्र कुणालाच नको होता.

"तो बेतून ठेवलाय मी," युसुफ म्हणाला.

"राहू द्या काका. कशाला आता डोळे फोडून घेता?"

निखिल गेल्यावर युसुफनं सहाही पोशाख मलमलीत गुंडाळून कपाटात ठेवले. सातव्याचे कापलेले तुकडे टेबलावर पडले होते. मोतिया रंगाचं सॅटिन. दुसऱ्या दिवशी साडेसहाला तो दुकानात आला तेव्हा हव्वाबी आधीच स्टुलावर उभी होती.

"पुरा करायचा ना?" तिनं विचारलं.

"करायचाच."

तो नाचाचा पोशाख करायला महिनाभर पुरला असता. युसुफला साडेतीन महिने लागले. एकदा लावलेली बाही त्यानं उसवून परत लावली. गळ्याची लेस आधी डावीकडून, मग उजवीकडून हातशिलाईनं बसवली. हव्वाबीला कापडातलं आता पुष्कळ कळत होतं, पहिली बाही बरोबरच बसली होती हे तिला दिसत होतं. पण ती काही बोलली नाही. गिऱ्हाईक जवळजवळ आटलं होतं. समोरचा शूजवाला गेला, शेजारचा मल्याळी फोटोग्राफर गेला. दर आठवड्याला बाजारात एखादं शटर कमी उघडायचं. आणि ह्या दुकानात बंद शटरमागे दोन माणसं कुणाला नको असलेल्या कपड्याला घडी-घडीनं आकार देत बोलत बसायची. आता दोघंही बोलायची. त्यानं तिला मुंबईहून निघालेल्या त्या बोटीबद्दल सांगितलं, चार दिवस डेकवर वळकटी टाकून केलेला प्रवास, वरच्या मजल्यावर खुर्च्या टाकून बसलेली पहिल्या वर्गाची माणसं, आणि मस्कतच्या अलीकडे लागलेली उलटी. देऱ्यातली बारा माणसांची खोली. पहिल्या रमजानला कुणी खजूर दिला त्याचं नाव. सत्तावीस वर्षं तशी मोठीच होती, पुरत गेली.

मार्चमध्ये पोशाख झाला. त्याच महिन्यात अरबाबानं निरोप पाठवला की तो यंदा लायसन्सची फी भरणार नाही, दुकान बंद करणार. वाईट माणूस नव्हता; स्वतः येऊन बसला, कॉफी प्यायला, डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, खलास, युसुफ, वय झालं तुझंही आणि माझंही. गावी परत जायचं मे महिन्याचं तिकीट काढायचं ठरलं. अर्श म्हणाला, अब्बा, हे सॅटिन, मखमल कुणाला तरी विकून टाका. युसुफनं ऐकलं नाही.

शारजातल्या एका मुलींच्या शाळेत नाटक बसवणारी बिलकीस नावाची हैदराबादी बाई जुन्या गिऱ्हाइकांपैकी होती. तिला फोन केला. ती आली, तिनं मलमल उलगडली आणि खुर्चीवर बसूनच राहिली. मग म्हणाली, मास्टरजी, हे आमच्या मुलींच्या अंगाला कसं होणार, इतक्या बारीक कमरेला?

"होईल," युसुफ म्हणाला. "कॉर्सेट लागणार नाय. प्रत्येक शिवणीत आत दोन-दोन बोटं कापड सोडलंय. उसवा आणि सैल करा."

इंग्रज बाईच्या नियमात ते बसणारं नव्हतं. पुतळ्याला वाढत्या मापाची गरज नसते. पण युसुफनं आयुष्यभर जिवंत बायकांचे कपडे शिवले होते, आणि हे सातही त्यानं एका जिवंत बाईच्या अंगावरच बेतले होते. बिलकीसच्या गाडीत मागच्या सीटवर हव्वाबीनं ते एकावर एक रचले, सर्वांत वर मोतिया. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत दोघं दारात उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी युसुफ सवयीनं साडेसहाला पुढे आला. टेबल मोकळं होतं. कात्र्या खोक्यात गेल्या होत्या. हव्वाबी दोन कप चहा घेऊन आली, त्याला एक दिला आणि बसायला दुसरं काही उरलं नव्हतं म्हणून स्टुलावरच बसली. बाहेर कुणीतरी रस्त्यावर पाणी मारत होतं.

"हव्वा," युसुफ म्हणाला, "ती केवढी होती?"

कोण, असं तिनं विचारलं नाही. कप खाली ठेवला आणि दोन्ही तळवे समोरासमोर हवेत धरले, एक डोक्याकडे, एक पायांकडे. नीट पाहिलं. मग उजवा हात थोडा आत घेतला.

"एवढी," ती म्हणाली.

युसुफ त्या दोन हातांमधल्या रिकाम्या जागेकडे बघत राहिला. चहा गार झाला, बाहेरचं पाणी मारायचं थांबलं, तरी हव्वाबीनं हात खाली घेतले नाहीत.